सकाळी मांडलेली फुलं दुपारी माना का टाकतात?

थंडी पडली की आमच्या अंगणात फुलांना तोटा नसतो. शेवंती, झेंडू, ॲस्टर, झिनिया, डेलिया, गुलाब सगळं एकाच वेळी फुलतं. सोलापूरचा उन्हाळा सोसून तगलेली झाडं याच अडीच-तीन महिन्यांत हात सैल सोडून देतात. नेमकं याच दिवसांत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदी-कुंकू येतं. त्या दिवशी बैठकीत बाजारचा बुके ठेवायचा नाही, अंगणातली फुलं आणि अंगणातलाच पाला मांडायचा, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. मला ती मनापासून आवडते.

तरी सलग तीन वर्षं एकच प्रकार झाला. सकाळी नऊ वाजता फुलदाणी भरली की बघत राहावं अशी दिसायची. संध्याकाळी पाचला बायका यायला लागायच्या, तोवर गुलाबांनी माना टाकलेल्या आणि शेवंतीची पानं चिंध्यांसारखी लोंबलेली. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास. दर वर्षी मी वेगळं कारण धरून बसायचे. एकदा वाटलं खत कमी पडलं, एकदा वाटलं गुलाबाची जातच नाजूक. चौथ्या वर्षी मात्र संक्रांतीच्या पंधरा दिवस आधीपासूनच मी हे नीट शोधायला घेतलं. शेजारच्या अक्कांची फार मदत झाली. फुलं काढणं, वेण्या करणं, फुलं ओल्या फडक्यात दोन-दोन दिवस ताजी ठेवणं यात त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण जुळे सोलापूर काय आणि होटगी रोड काय, घरोघरी हीच तक्रार ऐकू येते. आणि वाचायला मिळणारे उपाय बहुतेक थंड, दमट हवेतल्या लोकांनी लिहिलेले असतात.

आधी ग्लासावर रेघ मारा

मी कुंडीतली माती बदलली, खतं घातली, फवारणी केली. खरं तर यातलं काहीच आधी करायचं नव्हतं. आधी एवढंच बघायचं होतं की कापलेलं देठ पाणी पितंय की नाही.

दोन सारखे काचेचे उभे ग्लास घ्या. दोन्हीत सारखं पाणी भरा. पाण्याच्या पातळीवर मार्करनं रेघ ओढा. एकात फूल ठेवा, दुसरा नुसता पाण्याचा ठेवा. नुसता ग्लास कशासाठी, तर जानेवारीतल्या आपल्या कोरड्या हवेत पाणी उडूनही जातं, ते किती गेलं हे कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन्ही रेघा बघा. पानांसकट असलेला गुलाब किंवा शेवंती धड असेल तर तिच्या ग्लासातली पातळी नुसत्या ग्लासापेक्षा स्पष्ट खाली गेलेली दिसते.

इथून वाट दोन बाजूंना जाते. फूल सुकलंय आणि पाणी जवळजवळ जागेवरच आहे, तर देठ तुंबलंय. फूल सुकलंय पण पाणी भरपूर खाली गेलंय, तर देठ नीट पितंय, पण वर हवा त्याहून जास्त ओढून घेतेय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. मी तीन वर्षं दुसऱ्या रोगाचं औषध पहिल्या रोगाला देत होते.

पाणी जागेवर, फूल मलूल

झाडाच्या देठात केसांहून बारीक नळ्या असतात. पानांतून पाणी उडतं, त्याच्या ओढीनं खालचं पाणी वर चढतं. त्या नळीतला पाण्याचा धागा अखंड असतो तोवर सगळं सुरळीत चालतं. फूल कापलं की तो धागा तुटतो आणि ओढ मात्र चालूच राहते, म्हणून कापलेल्या टोकातून पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. एकदा बुडबुडा अडकला की त्यानंतर तुम्ही देठ पाण्यात ठेवा नाही तर समुद्रात, ती नळी निकामी.

मी काय करायचे? परडी घेऊन अंगणात जायचे, सगळी फुलं कापून परडीत भरायचे, मग पाला कापायचे, मग आत येऊन चहा घ्यायचा, मग फुलदाणी शोधायची. पाऊण तास सहज जायचा. अक्कांनी हे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, पूजेची फुलं परडीत आणि फुलदाणीची फुलं बादलीत. देठ आधी पाण्यात जाऊ द्या, मग फुलाकडं बघा." तेव्हापासून मी अर्धी भरलेली बादली हातात घेऊनच झाडापाशी जाते. कापलं की लगेच पाण्यात. आत आल्यावर परातीत पाणी घेऊन देठाचं टोक पाण्याखाली धरते आणि धारदार कात्रीनं आणखी दोन-तीन सेंटीमीटर तिरकं कापते. म्हणजे हवा शिरलेला तुकडा गळून पडतो आणि नव्या टोकाला पहिल्यांदा पाणीच भेटतं. तिरकं कापायचं ते टोक फुलदाणीच्या तळाला चपटं टेकून बंद होऊ नये म्हणून. धार मात्र हवीच. भाजीच्या बोथट सुरीनं देठ चिरडतं आणि नळ्या मिटतात.

जाड देठाला बत्त्यानं ठेचून पाण्यात ठेवायची जुनी पद्धत आमच्याकडेही होती. तिनं फायदा होत नाही. ठेचलेला भाग लवकर कुजतो आणि तोच चोथा नळ्यांत जाऊन बसतो.

तुंबण्याचं दुसरं कारण म्हणजे बुळबुळ. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत एका वर्षी दोन दिवस घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आलेगेलेले पाहुणे. तिसऱ्या दिवशी फुलदाणीतून झेंडूचं देठ उचललं तर ते बोटांतून निसटलं, इतकं गिळगिळीत. दोन बोटांत धरून ओढलं तसा पांढुरका थर साबणासारखा निघून आला, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. पाण्यात बुडालेली पानं कुजतात, जिवाणूंना खायला मिळतं, ते वाढतात आणि देठाच्या तोंडाशी बूच बसतं. गुलाबाची मान मुडपते ती बहुतेक वेळा याच बुचामुळे किंवा आधी सांगितलेल्या हवेमुळे. फूल जड, मानेजवळचं देठ कोवळं, तिथलं पाणी आधी संपतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास लागू पडतो. पाण्याच्या पातळीखाली एकही पान ठेवायचं नाही. झेंडू आणि शेवंतीच्या बाबतीत तर याला माफीच नाही, त्यांची पानं एका रात्रीत पाणी नासवतात. फुलदाणी प्रत्येक वेळी ब्रशनं आतून घासायची. नुसती विसळून चालत नाही, कारण मागच्या वेळचा थर काचेला चिकटलेला असतो. आणि एक दिवसाआड पाणी बदलायचं, त्या वेळी देठाचं टोक पुन्हा थोडं कापायचं.

पाण्यात साखर घालतात, ती मीही घालायचे. साखर फुलाला लागतेच, कळी उमलायला ती कामी येते. पण नुसती साखर घातली तर फुलाच्या आधी जिवाणू ती खातात आणि पाणी दुप्पट वेगानं नासतं. माझं पहिल्या दोन वर्षांचं पाणी असंच नासलं होतं. साखर घालायचीच तर तिच्याबरोबर आंबट आणि जंतुनाशक दोन्ही हवं. मी एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे साखर, दोन मोठे चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि कपडे पांढरे करायच्या साध्या ब्लीचचा पाव चहाचा चमचा असं प्रमाण ठेवते. साखर आणि लिंबू आधी पूर्ण लिटरभर पाण्यात ढवळून घ्यायचं आणि मग शेवटी ब्लीच. लिंबाच्या रसावर थेट ब्लीच कधीही ओतू नका, त्यातून निघणारा वायू छातीला बाधतो. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तर हे पाणी घालूच नका, भांडं खराब होतं.

अक्का ब्लीच वापरत नाहीत. त्या एक लिटर पाण्यात हरभऱ्याएवढा तुरटीचा खडा विरघळवतात. मला आधी ही नुसती सवय वाटली होती, पण तुरटीनं पाणी किंचित आंबट होतं, गढूळपणा खाली बसतो, आणि फुलांच्या व्यापारात वापरतात त्यांतल्या काही द्रावणांमध्येही ॲल्युमिनियम सल्फेट असतं. आंबट पाणी देठात सहज चढतं. निशिगंधासाठी मी आता तुरटीच वापरते. तांब्याचं नाणं, ॲस्पिरिनची गोळी यांचे प्रयोगही करून बघितले. रेघेत काही फरक दिसला नाही, म्हणून सोडून दिले.

आणि मग सापडलं ते पाणी

हे सगळं करूनही पहिल्या आठवड्यात माझे गुलाब दुसऱ्या दिवशी वाकतच होते. ताबडतोब पाण्यात, पाण्याखाली कापलेले, फुलदाणी घासलेली, तरी रेघ जागेवर. तेव्हा डोक्यात आलं की सगळं बदललं, पाणी तेवढं तेच आहे.

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उजनीचं पाणी आलं की पिंपं, टाक्या, हंडे सगळं भरून ठेवायचं आणि एक थेंब वाया घालवायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली आहे. त्यामुळे आरओ फिल्टरच्या नळीतून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं तेही मी बादलीत धरते. फिल्टर बसवायला आलेला माणूस म्हणाला होता की हे पाणी झाडाफुलांना चालतं. त्यातला ‘फुलांना’ हा शब्द मी अक्षरशः घेतला आणि फुलदाणी नेहमी त्याच बादलीतून भरायचे.

एकाच झाडाचे, सारखे उमललेले तीन गुलाब घेतले. तीन ग्लास. एकात बोअरचं पाणी, एकात फिल्टरचं पिण्याचं पाणी, एकात त्या बादलीतलं. ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, तिन्हीवर रेघा ओढून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीवाल्या गुलाबाची मान काटकोनात वाकलेली होती आणि पाणी रेघेला चिकटून. बोअरच्या पाण्यातला उभा होता, पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागलेल्या. पिण्याच्या पाण्यातलं फूल आदल्या दिवसापेक्षा मोठं उमललेलं आणि पाणी पेरभर खाली. तो ग्लास मी पाचव्या दिवसापर्यंत तिथेच ठेवला, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

विचार केला तर यात नवल काही नाही. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते आपल्या बादल्यांवरचे पांढरे थर आणि गिझरची कॉइल सांगतेच. आरओ फिल्टर त्या पाण्यातून गोडं पाणी एका बाजूला काढतो, म्हणजे मागे उरलेल्या पाण्यात तेच सगळे क्षार आणखी दाट होऊन बसतात. अंगणातल्या झाडाला मुळं असतात, माती असते. कापलेल्या देठाला काहीच नसतं, जे येईल ते थेट नळीत. खारट पाण्यानं देठाची ओढच मंदावते आणि पानांच्या, पाकळ्यांच्या कडा जळतात.

ज्यांच्या बंगल्यात पाणी मऊ करायचा सॉफ्टनर आहे त्यांनीही लक्षात ठेवा, ते पाणी साबणाला चांगलं, फुलदाणीला नाही. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं आणि गुलाबाला ते बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट. नळाचं उजनीचं पाणी ताजं असेल तर चांगलं चालतं. चार दिवस पिंपात राहिलेलं मात्र बघून वापरा. त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं आणि पिंपाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर तीच बुळबुळ हाताला लागते.

एवढ्या टंचाईत पिण्याचं पाणी फुलांना घालायचं हे जिवावर येतं, मला कळतं. म्हणून मी फुलदाण्या लहान केल्या. तीन लिटरच्या चिनी मातीच्या भांड्याऐवजी पाव लिटरचे चार काचेचे गडू. बदललेलं पाणी तुळशीला नाही, कारण त्यात ब्लीच असतं. ते मोरीत जातं. तुरटीचं असेल तर अंगणात.

पाणी खाली गेलं, तरी फूल सुकलं

हा दुसरा प्रकार आपल्या हवेचा. सोलापूरचा हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा. जानेवारीत सकाळी थंडी वाजते, दुपारी पारा तिशीला टेकतो, आणि हवेत ओलावा म्हणून नसतो. ओठ फुटतात, तसंच पाकळ्यांचं होतं. पाणी जेवढं चढतं त्याहून जास्त उडतं.

यात सगळ्यात मोठा फरक कापण्याच्या वेळेनं पडतो. इथे जानेवारीत सात वाजायच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याच्या आसपास, ऊन झाडावर यायच्या आत कापायचं. रात्रभर पाणी पिऊन देठ कडक असतं, पान बोटानं वाकवलं तर टचकन परत येतं. नऊ-साडेनऊला कापलेली फुलं आधीच अर्धी तहानलेली असतात. पहाट जमत नसेल तर ऊन उतरल्यावर संध्याकाळी कापा. दिवसभरात साठवलेली साखर तेव्हा झाडात जास्त असते, फक्त रात्रभर पाण्यात ठेवायला हवं.

आणि कापल्यावर लगेच सजवायला बसायचं नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. फुलं गळ्यापर्यंत पाण्यात बुडतील अशा उंच बादलीत, कोमट पाण्यात, अंधाऱ्या गार जागी किमान दोन-तीन तास ठेवायची. आमच्याकडे माठाच्या तिवईखालचा कोपरा त्यासाठी ठरलेला आहे. हळदी-कुंकू पाचला असेल तर मी आदल्या संध्याकाळी कापते, रात्रभर बादलीत ठेवते आणि दुपारी तीननंतर मांडते. सकाळी मांडून आठ तास पंख्याखाली ठेवायचा माझा जुना क्रमच चुकीचा होता.

जागेचं म्हणाल तर पंख्याखाली नको, पश्चिमेच्या खिडकीत नको, टीव्ही किंवा फ्रिजच्या माथ्यावर नको. तिथे खालून ऊब येत राहते.

सुकत नाहीत, नुसत्या गळतात

पाकळ्या ताज्या दिसतायत आणि तरी टपाटप गळतायत, तर आजूबाजूला बघा. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि काही फुलांना तो लागला की ती वेळेआधी झडतात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला ओटीची केळी कुठे असतात? फुलदाणीच्या शेजारच्या टेबलावर, ताटात रचून. आमच्या डॉग फ्लॉवरच्या तुऱ्यातली फुलं एकेक करून खाली पडायची ती या केळ्यांमुळे. उदबत्तीच्या धुरातही इथिलीन असतं, म्हणून देवघराच्या बंद कोनाड्यातली फुलं बैठकीतल्यापेक्षा लवकर उतरतात. शेवंतीला मात्र याचं फारसं काही वाटत नाही. केळी हलवा, निम्मं काम होतं.

ज्याचा त्याचा स्वभाव

काही फुलांच्या बाबतीत आपण उगाच वाईट वाटून घेतो. जास्वंद एक दिवसाची. पाण्यात ठेवा की नुसती ताटात, संध्याकाळी ती मिटणारच. म्हणून तिला पाणी देण्याच्या भरीला पडू नका, सकाळी काढून थेट मांडा. आपला सुगंधी एडवर्ड गुलाब दोन दिवसांत पाकळ्या सोडतो, ती त्याची जात आहे. मी त्याची फुलं देठाशिवाय पितळी परातीत पाण्यावर तरंगत ठेवते. फुलदाणीसाठी लांब देठाचा ग्लॅडिएटर किंवा तसा कलमी गुलाब हवा. तो कापायचा कधी, तर कळीखालची हिरवी दलं मागे वळली आणि बाहेरची एक-दोन पाकळी सैल झाली की. त्याआधी घट्ट कळी कापली तर ती न उमलताच मान टाकते.

शेवंती, झेंडू, ॲस्टर आणि डेलिया याच्या उलट, पूर्ण उमलल्यावरच कापायची. घरची शेवंती दोन आठवडे सहज टिकते, पण तिची पानं फुलाच्या कितीतरी आधी मरतात. म्हणून वरची चार पानं ठेवून बाकीची आधीच काढून टाकते आणि हिरवाई दुसऱ्या झाडाची घेते. तिचं देठ बुडाशी लाकडासारखं झालेलं असेल तर त्या भागाच्या वर, हिरव्या देठावर कापा. लाकडी भाग पाणी नीट घेत नाही.

झिनियाची एक परीक्षा आहे. फुलाच्या खाली वीतभर देठ धरून हलवायचं. फूल डोलायला लागलं तर अजून कच्चं आहे, देठासकट ताठ हललं तर कापा. निशिगंधाची खालची दोन-तीन फुलं उमलली की काडी कापायची, रोज खालची सुकलेली फुलं खुडायची. जरबेरा कापायचा नाही, मुळाशी धरून पिळून ओढायचा, आणि चार बोटं पाण्यातच ठेवायचा, कारण त्याचं लवदार देठ खोल पाण्यात कुजतं. ग्लॅडिओलस आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो आणि वाकडाच राहतो. बोगनवेल दिसते सुंदर, पण कापल्यावर तासाभरात रुसते. तिची पानं सगळी काढून, फांदी तासभर पाण्यात पूर्ण बुडवून मग मांडली तर एक संध्याकाळ निभावते. त्याहून जास्त तिच्याकडून मागू नये. पॉइन्सेटियाच्या लाल फांदीला चीक असतो. टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काही क्षण धरलं की चीक थांबतो. तो डोळ्यांना लागू देऊ नका.

पाला

फुलांइतकंच लक्ष पाल्याकडे द्यायला हवं, कारण घरच्या मांडणीचा सगळा डौल त्याच्यावर उभा असतो. आणि पाल्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते: आपण कोवळे, लुसलुशीत, तांबूस शेंडे कापतो, कारण ते देखणे दिसतात. तेच सगळ्यात आधी लोळतात. जून, गडद, कडक पान घ्या. क्रोटन, ड्रेसिना, स्नेक प्लांट ही आपल्या हवेत न कुरकुरता टिकणारी मंडळी. क्रोटनची जून पानं फुलं दोनदा बदलली तरी तशीच असतात. कामिनीची फांदी आकाराला फार छान, पण तिचाही कोवळा शेंडा खुडून टाका. मनी प्लांट तर फुलदाणीत मुळं धरतो. ॲस्पॅरगसची नाजूक हिरवाई कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत सुईसुईनं गळायला लागते, पांढऱ्या टेबलक्लॉथवर तर फारच दिसते. ती मी फक्त त्या दिवसापुरती घेते.

आपल्याकडे पानांवर धूळ इतकी असते की पाला आधी धुवायलाच हवा. टबात पूर्ण बुडवून दोन तास ठेवला की धूळही जाते आणि पान पाणीही पितं. मऊ लव असलेली पानं मात्र बुडवू नका, डाग पडतात. चमक यावी म्हणून खोबरेल तेल पुसायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तेलानं पानाची छिद्रं बुजतात आणि त्यावर पुन्हा धूळ चिकटते. ओलं फडकं पुरेसं आहे.

मांडताना

आधी पाला, मग फुलं. पाल्याच्या फांद्या एकमेकींत अडकवून जाळं तयार होतं आणि फुलं त्यात आपोआप उभी राहतात. फुलदाणीच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावल्या तरी चालतं. फुलं खोचायचा हिरवा स्पंज मी सोडून दिला. एकदाच वापरता येतो, नंतर त्याचा चुरा कुठेच जिरत नाही.

गच्च भरू नका. अरुंद तोंडात दहा देठं कोंबली की ती एकमेकांवर घासतात, साली सोलतात आणि मधल्या देठांची टोकं पाण्यापर्यंत पोचतही नाहीत. माझ्या सासूबाईंचा पितळी तांब्या मला बैठकीत हवाच असतो. त्यात सरळ पाणी न भरता आत एक काचेचा ग्लास बसवते. फुलांची उंची तांब्याच्या दीडपट, त्याहून जास्त नाही. पंख्याच्या वाऱ्यानं तो एकदा कलंडला होता, तेव्हापासून तळाशी चार गोटे घालते.

चार वाजले आणि गुलाब वाकला, तर

घाबरू नका, बहुतेक वेळा तो उठतो. देठाचं टोक पाण्याखाली धरून तीन सेंटीमीटर कापा. फुलाभोवती आणि देठाभोवती वर्तमानपत्राची घट्ट सुरळी गुंडाळा, मान सरळ राहील अशी. गळ्यापर्यंत कोमट पाण्यात तास-दीड तास उभा ठेवा, अंधारात. कागद सोडलात की मान ताठ असते. वेळ कमी असेल तर सबंध गुलाब देठासकट परातीत आडवा बुडवून ठेवा. एक दिवसाहून जास्त वाकून राहिलेला मात्र उठत नाही. त्याचं डोकं कापून वाटीत पाण्यावर सोडा.

या वर्षी संक्रांतीला मांडलेली पिवळी शेवंती रथसप्तमीच्या आदल्या आठवड्यातही तांब्यात होती. पाणी सहा-सात वेळा बदललं, देठं निम्म्यानं आखूड झाली. अक्का वाण घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी आधी देठ उचलून टोक चाचपलं, मग कुंकू लावून घेतलं. डेलिया मात्र अजून माझ्याकडे चार दिवसांच्या पुढे गेलेला नाही. गरम पाण्यात टोक बुडवून, पिण्याच्या पाण्यात ठेवून, सगळं करून बघितलं. आता मी तो हळदी-कुंकवाच्या त्याच दिवशी पहाटे कापते आणि दाराजवळच्या गडूत एकटाच ठेवते. कुणाला डेलिया आपल्या हवेत आठवडाभर टिकवता आला असेल तर कोणत्या वेळी कापला आणि कोणत्या पाण्यात ठेवला, तेवढं नक्की सांगा.